स्किल लिहिलेलं होतं, पण वेळेवर पोचलंच नाही

गेले बरेच महिने मी रोजच्या कामात एआय कोडिंग असिस्टंट वापरतेय, टर्मिनलमध्ये चालणारा, जो स्वतःच फाईली उघडतो, कोड बदलतो, टेस्ट चालवून बघतो. त्याला कोड येतोच, पण आमच्या प्रोजेक्टच्या पद्धती त्याला माहीत नसतात आणि प्रत्येक नव्या सेशनला तो पुन्हा कोरा असतो, काल दहा वेळा सांगितलेलं आज त्याच्या गावीही नसतं. मग ते लिहून ठेवायचं (एका कामाच्या अशा लिहिलेल्या सूचनांच्या फोल्डरला स्किल म्हणतात) आणि लिहिलेलं नेमक्या वेळी त्याच्यासमोर येईल अशी सोय करायची. लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, समोर आणायची सोय करायला जवळजवळ दोन महिने. त्या दोन महिन्यांबद्दल लिहितेय.

सुरुवातीला आमच्याकडे सगळ्यांसारखीच एक फाईल होती, रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड असतो त्या फोल्डरच्या, मुळात ठेवलेली, मार्कडाऊनमध्ये, सेशन सुरू झालं की असिस्टंट ती आपोआप वाचतो. कोणाचं काही चुकलं की तिच्यात एक ओळ वाढायची. टेस्ट कशा लिहायच्या, एररचा फॉरमॅट काय, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाईल) कसं करायचं, कमिट मेसेज कसा हवा, रिलीजच्या आधी काय काय तपासायचं, असं करत करत ती ६४० ओळींवर गेली. आणि गंमत नव्हती ती, त्रास होता, कारण बटणाचा रंग बदलायचा असला तरी रिलीजची सगळी यादी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्या वेळी मॉडेलसमोर असलेल्या मजकुरात, जाऊन बसायची आणि ज्या दिवशी रिलीज करायचं त्या दिवशी फाईलच्या मधल्या भागातले दोन-तीन नियम तो सरळ सोडून द्यायचा. लांबलचक मजकूर दिला की मॉडेल सुरुवातीचं आणि शेवटचं नीट वापरतं आणि मधलं त्याच्याकडून निसटतं, हे २०२३ मधल्या संशोधनात दाखवलेलं आहे. नवीन मॉडेल यात सुधारलीत, पण माझा रोजचा अनुभव तरी हाच होता की फाईल जितकी लांब, तितका प्रत्येक नियमाचा जोर कमी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लॉड हे एआय मॉडेल बनवणाऱ्या ॲन्थ्रॉपिकने एजंट स्किल्स आणले आणि डिसेंबरमध्ये तो फॉरमॅट सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे आता वेगवेगळे असिस्टंट तेच फोल्डर वाचू शकतात. रचना अगदी साधी आहे. एक फोल्डर, त्यात स्किल.एमडी नावाची फाईल, फाईलच्या डोक्यावर नाव आणि डिस्क्रिप्शन, खाली सूचना. नाव जास्तीत जास्त ६४ अक्षरांचं, डिस्क्रिप्शन १०२४ अक्षरांपर्यंत. सेशन सुरू होताना मॉडेलला सगळ्या स्किलची फक्त नावं आणि डिस्क्रिप्शन दिसतात, एखादं कामाचं वाटलं तर ते पूर्ण स्किल.एमडी वाचतं, आणि त्यात अजून एखाद्या फाईलचा किंवा स्क्रिप्टचा उल्लेख असेल तर ती गरज पडल्यावर उघडतं. म्हणजे तुमच्याकडे पन्नास स्किल असली तरी एरवी भार फक्त पन्नास छोट्या परिच्छेदांचा. मुख्य फाईल ५०० ओळींच्या आत ठेवा असं सुचवलेलं आहे आणि ते पाळलेलं खरंच बरं पडतं.

मी ती ६४० ओळींची फाईल फोडली आणि २३ स्किल केली. पहिला आठवडा मस्त गेला. मुख्य फाईलमध्ये जेमतेम ४० ओळी उरल्या, उत्तरं नेमकी यायला लागली, मी टीममध्ये सगळ्यांना सांगत सुटले की हे करा.

मग मायग्रेशनचा प्रकार झाला. टीममधला एक जण मला म्हणाला, अगं, हे बघ, तुझं स्किल असून याने परत तेच केलंय. त्याने असिस्टंटला फक्त एवढंच सांगितलं होतं की ऑर्डर्सची यादी फार हळू उघडते, बघ जरा. असिस्टंटने क्वेरी तपासली, इंडेक्स (टेबलमधलं पटकन शोधता यावं म्हणून ठेवलेली सूची) नाही हे बरोबर शोधलं आणि मायग्रेशन लिहिलं, साधं क्रिएट इंडेक्स. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, आणि पोस्टग्रेसमध्ये साधा इंडेक्स बनत असताना त्या टेबलवर वाचता येतं पण लिहिणं सगळं थांबून राहतं. टेबल मोठं असेल तर ते बराच वेळ थांबतं. नशिबाने हे स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांपर्यंत जाण्याआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, लक्षात आलं, तिथे सगळ्या नवीन ऑर्डर अडकल्या म्हणून आम्ही शोधत गेलो. माझ्या स्किलमध्ये हे सगळं स्वच्छ लिहिलं होतं, की चालू टेबलवर इंडेक्स कॉन्करंटली, म्हणजे लिहिणं न थांबवता, करायचा, तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही म्हणून जँगोच्या (आम्ही वापरतो त्या पायथन फ्रेमवर्कच्या) मायग्रेशनमध्ये ॲटॉमिक फॉल्स टाकायचं, इंडेक्स वेगळ्या मायग्रेशनमध्ये ठेवायचा, आणि मध्येच फेल झाला तर अर्धवट इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो तो आधी काढून टाकायचा. सगळं होतं. उघडलं मात्र नव्हतं त्याने.

मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण ते स्किल मी सगळ्यात जीव लावून लिहिलं होतं.

मग आधी डिस्क्रिप्शन बघितलं. मी लिहिलं होतं, "डेटाबेसच्या कामासाठी मार्गदर्शन". यावरून मॉडेलला काय कळणार. ते बदलून मी लिहिलं की स्कीमा बदलताना, कॉलम किंवा इंडेक्स घालताना-काढताना, मायग्रेशन फाईल लिहिण्याआधी हे वाच, आणि फक्त क्वेरी वाचून समजून घ्यायची असेल तर नको. हा "नको" वाला भाग मी नंतर सगळ्या २३ स्किलमध्ये घातला आणि त्याने खूप फरक पडला, कारण एकमेकांच्या हद्दीत जाणारी स्किल बरीच होती, टेस्ट लिहिण्याचं आणि टेस्ट फेल झाली तर शोधण्याचं ही दोन तर कायम एकमेकांच्या जागी उघडायची. डिस्क्रिप्शन ही स्किलची ओळख करून द्यायची जागा नाहीच, ती "मला कधी उघडायचं" हे सांगायची जागा आहे, हे कळायला मला एक स्टेजिंग बंद पडावं लागलं.

पण तेवढ्याने भागलं नाही. तीच ऑर्डर्सवाली ओळ मी नव्या डिस्क्रिप्शनसकट पाच वेळा नव्या सेशनमध्ये देऊन पाहिली, तीन वेळा स्किल उघडलं, दोन वेळा नाही. ज्या कामात चुकल्यावर लिहिणं अडकतं तिथे पाचात तीन म्हणजे काहीच नाही. म्हणून ठरवलं की हा निर्णय पूर्णपणे मॉडेलवर सोडायचा नाही, स्किल निवडून पुढे करणारं छोटं टूल आपणच लिहायचं.

मी वापरते त्या असिस्टंटमध्ये हुक आहेत. म्हणजे ठरावीक क्षणी तो तुमची स्क्रिप्ट चालवतो, मी प्रॉम्प्ट पाठवला की, एखादी फाईल लिहायच्या आधी, लिहून झाल्यावर, सेशन सुरू होताना वगैरे. स्क्रिप्टला जेसनमध्ये सगळी माहिती मिळते, प्रॉम्प्टचा मजकूर, कुठल्या फोल्डरमध्ये काम चाललंय, सेशनचा आयडी. प्रॉम्प्टच्या हुकमध्ये स्क्रिप्टने जे प्रिंट केलं ते मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये जातं. झालं, एवढ्यावर टूल बनतं.

पहिलं व्हर्जन शब्द जुळवणारं होतं. प्रत्येक स्किलच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल, त्यात शब्दांची यादी, प्रॉम्प्टमध्ये शब्द सापडला की स्किल पुढे. अर्ध्या दिवसात लिहून झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लक्षात आलं की "टेस्ट" हा शब्द आम्ही सगळ्याच गोष्टींना वापरतो, आणि कोणीतरी लॉक रिलीज करायच्या कोडबद्दल विचारलं तर रिलीजचं अख्खं स्किल येऊन बसतंय. शिवाय मी स्वतः प्रॉम्प्ट लिहिते मराठी-इंग्रजी मिसळून, कधी देवनागरीत, कधी घाईत रोमन अक्षरांत, स्पेलिंग दर वेळी वेगळं, त्यात शब्द जुळवणार तरी कसे.

मग एम्बेडिंग करून पाहिलं. म्हणजे प्रॉम्प्ट आणि डिस्क्रिप्शन दोन्हींचे आकड्यांमध्ये व्हेक्टर करायचे आणि अर्थाने जवळ कोण ते बघायचं. देवनागरीतल्या प्रॉम्प्टला हे बऱ्यापैकी चाललं, रोमन अक्षरांतल्या मराठीला मात्र मी वापरलेल्या छोट्या मॉडेलने काहीही निवडलं. पण मोठी अडचण वेगळीच होती, जवळचं काहीतरी नेहमीच सापडतं! तुम्ही "थँक्स, छान झालं" लिहिलंत तरी २३ पैकी एक कुठलंतरी सगळ्यात जवळ असणारच. मग किती जवळ असेल तर घ्यायचं याचा आकडा ठरवत बसा, तो वर केला की कामाचं निसटतं, खाली केला की नको ते येतं. आणि प्रत्येक प्रॉम्प्टला मॉडेल लोड व्हायला काही सेकंद जायचे, ते तर असह्य होतं, एंटर मारल्यावर नुसतं बघत बसायचं. आठवडाभर वापरून मी ते काढून टाकलं. ज्यांच्याकडे शेकडो स्किल आहेत त्यांना हे लागेलही, वीस-पंचवीस स्किल असलेल्यांनी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर मी एक काम केलं जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. जुन्या सेशनच्या लॉगमधून ६० प्रॉम्प्ट काढले आणि प्रत्येकासमोर हाताने लिहिलं की इथे कुठलं स्किल यायला हवं होतं. कंटाळवाणं काम, पण ते करताना जे दिसलं त्याने सगळं बदललं. निम्म्याहून जास्त प्रॉम्प्ट पाच-सहा शब्दांचे होते. "हे ठीक कर." "आता दुसऱ्या पेजला पण लाव." "का फेल होतंय बघ." यात कुठलाच शब्द नाही ज्यावरून स्किल निवडता येईल. माणूस बसलाय, समोर कोड आहे, मागचं संभाषण आहे, तो सगळं कशाला लिहील! आणि त्या ऑर्डर्सच्या प्रकरणात तर प्रॉम्प्ट दिला तेव्हा मायग्रेशन लागणार हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं, ते काम अर्ध्यावर गेल्यावर ठरलं. म्हणजे प्रॉम्प्टच्या क्षणी ते स्किल लागूच नव्हतं. मी कितीही हुशार मॅचिंग केलं असतं तरी चुकीच्या वेळी केलं असतं.

काय बोललं गेलं यापेक्षा कुठल्या फाईलला हात लागतोय हे बघायला हवं होतं.

मग टूल उलटं लिहिलं. प्रत्येक स्किलच्या त्या छोट्या फाईलमध्ये शब्दांऐवजी फाईलींचे पॅटर्न. मायग्रेशनच्या फोल्डरमधली कुठलीही पायथन फाईल असेल तर मायग्रेशनचं स्किल, टेस्टच्या फोल्डरमधली असेल तर टेस्टचं, एपीआयच्या व्ह्यू (बाहेरून आलेल्या विनंतीला उत्तर देणारा कोड) असतील तर एररच्या फॉरमॅटचं. आणि हुक लावला तो फाईल लिहायच्या आधीचा. असिस्टंट एखादी फाईल लिहायला निघाला की स्क्रिप्ट पाथ बघते, त्याला जुळणारं स्किल या सेशनमध्ये अजून वाचलेलं नसेल तर एक्झिट कोड २ देऊन बाहेर पडते. तो कोड मिळाला की ते लिहिणं थांबतं आणि स्क्रिप्टने एररच्या आउटपुटवर लिहिलेला मजकूर मॉडेलला जातो. मी तिथे एकच वाक्य ठेवलं, की या फाईलला हात लावण्याआधी अमुक स्किल वाच आणि मग पुन्हा लिही. तो वाचतो आणि पुन्हा लिहितो, बहुतेक वेळा आधीपेक्षा वेगळं.

शब्दांची यादी पूर्ण काढली नाही. रिलीज, नवीन सर्व्हिस सुरू करणं अशी चार-पाच कामं आहेत जी फाईलवरून कळत नाहीत, त्यांच्यासाठी ठेवली, तीही एकट्या शब्दाऐवजी दोन-दोन शब्द एकत्र असले तरच. एका वेळी जास्तीत जास्त तीन स्किल.

यातही दोन गोष्टींनी मला बरंच दमवलं. पहिली, मी सुरुवातीला स्किलचा सगळा मजकूरच प्रिंट करत होते आणि हुक दर प्रॉम्प्टला चालतो, त्यामुळे एकाच सेशनमध्ये तेच तीन पानी स्किल आठ-नऊ वेळा कॉन्टेक्स्टमध्ये गेलं. असिस्टंट मंद झाला, उत्तरं भरकटायला लागली, आणि मला वाटत होतं की स्किलमध्येच काही चुकलंय. मग सेशनच्या आयडीवर एक छोटी नोंद ठेवायला लागले, कुठलं स्किल देऊन झालंय, आणि मजकुराऐवजी फक्त नाव आणि पाथ द्यायला लागले, वाचायचं काम त्याचं. दुसरी गोष्ट त्याहून लपलेली. सेशन लांबलं की असिस्टंट जुनं संभाषण आवळून त्याचा सारांश करतो. त्या आवळण्यात स्किलचा मजकूर उडून जातो, पण माझी नोंद म्हणते की दिलंय! त्यामुळे सकाळी नीट चाललेलं दुपारी बिघडायचं, आणि फक्त लांब सेशनमध्ये, फक्त कधीकधी. हे शोधायला मला चार दिवस लागले. उपाय दोन ओळींचा होता, संभाषण आवळलं जातं तेव्हाही हुक चालवता येतो, तिथे ती नोंद पुसून टाकायची.

टीममध्ये सगळ्यांना हे लगेच आवडलं नाही आणि त्यांचं बरोबरही होतं. तोच ऑर्डर्सवाला सहकारी एकदा वैतागून म्हणाला, अगं, मला एका ओळीची कॉमेंट बदलायची होती आणि तुझ्या स्क्रिप्टने अडवलं. मी म्हटलं, अरे, दाखव काय झालं. बघितलं तर खरंच अडवायचं कारण नव्हतं. आता अडवण्याचा हक्क फक्त तीन स्किलना आहे, मायग्रेशन, पैशांचा हिशोब करणारा कोड आणि परमिशन. बाकीची स्किल सुचवली जातात, अडवत नाहीत. चुकलं तर परत फिरता येतं का, एवढ्या एकाच प्रश्नावर ही वाटणी केली.

अजून एक सांगायलाच हवं. मध्यंतरी मी बाहेरून तयार स्किलचा एक संच उतरवून घेतला होता, नावं आकर्षक होती, वेळ वाचेल वाटलं. लावायच्या आधी बसून सगळं वाचलं तर एकाच्या सूचनांमध्ये नेटवरून एक स्क्रिप्ट उतरवून थेट चालवायची पायरी होती. ती वाईट हेतूने होती असं मी म्हणत नाही, पण ती स्क्रिप्ट उद्या बदलली तर मला कळणारही नाही. स्किल म्हणजे तुमच्या मशीनवर कमांड चालवू शकणाऱ्याला दिलेल्या सूचना आहेत, आणि माझं टूल तर त्या सूचना कोणी न मागता पुढे करणारं! हाताने उघडताना माणूस निदान एकदा बघतो तरी. म्हणून आमच्याकडे आता बाहेरचं स्किल थेट येत नाही, रिपॉझिटरीत फोल्डर घालायचं असेल तर कोडसारखाच पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या अशी विनंती) आणि दोघांचा रिव्ह्यू, आणि टूल फक्त त्या एकाच फोल्डरमधली स्किल बघतं.

मागच्या आठवड्यात एका टेबलमध्ये नवीन कॉलम हवा होता, रिकामा चालणार नाही असा. असिस्टंटने सरळ एका झटक्यात नॉट नल कॉलम लिहायला घेतला, हुकने थांबवलं, त्याने स्किल वाचलं आणि मग तीन पायऱ्या केल्या, आधी रिकामा चालेल असा कॉलम, मग जुन्या ओळी थोड्या थोड्या करून भरणं, शेवटी बंधन. मी काहीच बोलले नव्हते. मी ते स्क्रीनवर बघत बसले होते आणि इतकं बरं वाटलं की लगेच त्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने सगळा डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, वाचला आणि म्हणाला, बॅचचा आकडा जास्त आहे, स्किलमध्येच कमी कर. केला.

२३ पैकी आता १४ स्किल उरलीत. टूल कुठलं स्किल कधी पुढे केलं याची नोंद ठेवतं, महिनाभरात एकदाही न लागलेली मी उघडून बघते आणि बहुतेक काढून टाकते, काहींमधलं तर मॉडेलला न सांगताही नीट येतं असं दिसलं. ते ६० प्रॉम्प्ट अजून आहेत, आता ९० झालेत आणि फाईलींचे पाथही सोबत आहेत, पॅटर्न बदलला की सगळे पुन्हा चालवते. एररच्या फॉरमॅटचं स्किल तीन आठवडे झाले कुठेच आलेलं नाही, आणि आम्ही या काळात एपीआय नक्की बदललेत. बहुधा फोल्डरचं नाव बदललं तेव्हा पॅटर्न बदलायचा राहिला, उद्या सकाळी आधी तेच बघणार आहे.